कॅमेऱ्याने पोरांचं लक्ष मोजता येतं का? सिडनी डिमेलो यांचं संशोधन कुणी नीट वाचलंय का?

मिरजेचा_मास्तर

नमस्कार मंडळी,

मी एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. आमच्या संस्थेने यंदा डिजिटल शिक्षणावर जोर द्यायचं ठरवलंय, रेकॉर्डेड लेक्चर, टॅबवर टेस्ट वगैरे, त्याला माझी अजिबात हरकत नाही, मी स्वतः व्हिडिओ बनवतो आणि पोरं ते बघतात पण. प्रश्न वेगळाच आहे. गेल्या आठवड्यात एक कंपनीवाले डेमो द्यायला आले होते, त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये टॅबचा कॅमेरा पोराच्या चेहऱ्याकडे बघत असतो आणि व्हिडिओ चालू असताना त्याच्या लक्षाला मार्क देत राहतो, हिरवा पिवळा लाल असा पट्टा दिसतो, आणि संध्याकाळी पालकांच्या मोबाईलवर मेसेज जातो की आज तुमच्या पाल्याचं इतके टक्के लक्ष होतं. संस्थाचालक बघूनच खूश झाले.

डेमोला आमचेच दोन विद्यार्थी बसवले होते. एकजण स्क्रीनवर गणित आलं की मान वर करून छताकडे बघत मनातल्या मनात आकडेमोड करतो, वर्गातही त्याची तीच सवय, उत्तर बरोबर येतं. त्याचा पट्टा लाल. शेजारचा स्क्रीनकडे टक लावून बसलेला, पट्टा हिरवागार, आणि मी मध्येच थांबवून विचारलं की आत्ता काय सांगितलं रे, तर त्याला एक शब्द सांगता आला नाही.

तेव्हापासून चैन नाही. नेटवर शोधताना कोलोरॅडो विद्यापीठातले सिडनी डिमेलो हे नाव परत परत येतंय, लक्ष, कंटाळा, गोंधळ आणि संगणकावरचं शिक्षण यावर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलंय असं दिसतं. पण पेपर इंग्रजीत आणि आकडेशास्त्राने भरलेले, मला सगळं झेपत नाही. तर जाणकारांनी सांगा, डोळ्यांवरून लक्ष कळतं का, आणि कळत असेल तर त्याचं करायचं काय? पुढच्या महिन्यात मीटिंग आहे आणि मला तिथे नुसतं "मला पटत नाही" म्हणून भागणार नाही.

---

पवईकरीण

सर, धाग्याबद्दल आधी धन्यवाद, हा प्रश्न खरेदी व्हायच्या आधी विचारणारे शिक्षक फार कमी भेटतात. माझं काम याच क्षेत्रात आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डिमेलो मूळचे मेम्फिस विद्यापीठातले, तिथे आर्थर ग्रेसर यांच्या गटात ऑटोट्यूटर नावाची प्रणाली होती, संगणकातला शिक्षक पोराशी संवाद करत करत शिकवतो अशी. पुढे ते नोत्र दाम विद्यापीठात गेले आणि आता कोलोरॅडो बोल्डरला आहेत. तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध असलेला प्रयोग म्हणजे 2012 चा गेझ ट्यूटर. 48 विद्यार्थी, जीवशास्त्राचे चार विषय, आणि समोर डोळ्यांची हालचाल टिपणारं यंत्र. साधा वेबकॅम नव्हे, त्यासाठीचं खास यंत्र. मुलाची नजर पडद्यावरच्या महत्त्वाच्या भागावरून हटली आणि तशीच हटलेली राहिली की संगणकातला शिक्षक त्याला टोकायचा, इकडे लक्ष दे अशा अर्थाचं काहीतरी बोलायचा. प्रत्येक मुलाने काही विषय टोकणाऱ्या शिक्षकाकडे शिकले आणि काही न टोकणाऱ्या शिक्षकाकडे, त्यामुळे तुलना स्वच्छ झाली.

निकाल काय आला ते नीट वाचा, कारण सेल्सवाले यातला फक्त पहिला तुकडा सांगतात. टोकल्यावर नजर परत आली, हे खरं. खोलवर विचार करावा लागतो अशा प्रश्नांत शिकणं सुधारलं, हेही खरं. पण मुलांची शिकण्याची प्रेरणा आणि त्यांना स्वतःला जाणवलेला रस यावर जवळपास काहीच परिणाम झाला नाही, आणि एकूण फायदा किती हे मुलाच्या शैक्षणिक क्षमतेप्रमाणे बदललं. म्हणजे सरसकट सगळ्यांना लागू पडेल असं औषध ते नव्हतं.

आणि तुमचा तो हिरव्या पट्ट्यावाला मुलगा, तोच तर या क्षेत्राचा खरा प्रश्न आहे. नजर पडद्यावर आणि मन दुसरीकडे. यावर डिमेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे खूप काम केलं. नजर एकेका शब्दावर किती वेळ थांबते, पुढे उडी कशी मारते, पापण्या किती लवतात अशा बारीक खुणांवरून मन भरकटलंय का याचा अंदाज बांधायचा. पण यंत्राला शिकवायला आधी खरं उत्तर लागतं ना, ते कुठून आणलं? तर वाचताना मध्येच विचारायचं, आत्ता तुझं मन दुसरीकडे होतं का, हो की नाही. म्हणजे सगळी इमारत मुलाने स्वतः दिलेल्या उत्तरावर उभी आहे. कॅमेऱ्याला मन दिसत नाही, मन भरकटल्याचं सांगणाऱ्या लोकांच्या डोळ्यांशी हे डोळे जुळतात का एवढंच तो सांगतो, आणि त्यातही चुकतो, निव्वळ अंदाजापेक्षा बरा असतो पण एकेका मुलावर शिक्का मारण्याइतका पक्का नसतो.

आता हे तुमच्या मीटिंगसाठी. हे चुकणार हे त्या संशोधकांना पक्कं माहीत होतं, म्हणून त्यांनी एक तत्त्व पाळलं की यंत्राचा अंदाज चुकला तरी मुलाचं नुकसान होता कामा नये. म्हणून पुढच्या प्रणालीत, आय-माइंड रीडर नावाची आहे, मन भरकटलंय असं वाटलं की ती वाचणाऱ्याला नुसता एक प्रश्न विचारते आणि गरज पडली तर तो भाग परत वाचायला सांगते. अंदाज चुकीचा असेल तर काय झालं, एक प्रश्न जास्तीचा सोडवला, बिघडलं काय? तुमच्या कंपनीवाल्यांचं नेमकं उलटं आहे. तिथे अंदाज चुकला तर संध्याकाळी घरी बोलणी खाणार तो छताकडे बघणारा मुलगा, ज्याने गणित बरोबर सोडवलंय.

---

ठाण्याची_आई

पवईकरीण, मनापासून अनुमोदन. माझी मुलगी दहावीत, एका अॅपच्या क्लासला असंच होतं, मेसेज यायचे. महिनाभरात ती कॅमेऱ्याकडे बघत बसायला शिकली. मान स्थिर, डोळे सरळ, आणि टेबलाखाली वहीच्या मागच्या पानावर चित्रं. वही मला सापडली तेव्हा मी चिडले नाही, मला फक्त वाईट वाटलं, कारण आधी ती व्हिडिओ थांबवून मला येऊन विचारायची, आई हे असं का? ते बंद झालं होतं, उठून गेलं की टक्के कमी होतात म्हणून. आम्ही तो क्लास सोडला. सर, मीटिंगमध्ये पालकांचं म्हणणं म्हणून हे नक्की सांगा.

---

हिंजवडी_डेटा

मी थोडा वेगळा मुद्दा मांडतो, कारण मी शिक्षणाच्याच एका प्लॅटफॉर्मवर डेटाचं काम करतो आणि सगळंच मोजमाप वाईट असा सूर लागला तर ते बरोबर होणार नाही असं मला वाटतं.

कॅमेऱ्याशिवायही पुष्कळ कळतं. 2014 साली फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साईटवरच्या चार कोर्समधली व्हिडिओ बघण्याची 69 लाख सत्रं तपासली, त्यात व्हिडिओ कितीही लांब असला तरी निदान निम्मे लोक 6 मिनिटांच्या आतच सोडून देतात असं दिसलं. त्याच वर्षी त्यातल्याच काही मंडळींनी 862 व्हिडिओ घेऊन बघितलं की लोक कुठे मागे जातात, कुठे थांबवतात, कुठे सगळे एकदम गर्दी करतात. कुणाचा चेहरा बघितला नाही, कुणाचं नाव लागलं नाही, आणि तरी शिक्षकाला कळलं की माझ्या व्हिडिओत या या मिनिटाला काहीतरी अडतंय. सर, तुम्ही स्वतः व्हिडिओ बनवता, तुम्हाला हा आलेख सोन्यासारखा उपयोगी पडेल, अख्ख्या वर्गातल्या पोरांनी एकाच ठिकाणी व्हिडिओ मागे नेला तर दुरुस्ती तुमच्या समजावण्यात करायची, पोरांच्या मानेत नाही.

एक मात्र जरूर सांगतो, त्या 6 मिनिटांवरून लगेच "आजकालच्या पोरांचं लक्ष सहाच मिनिटं टिकतं" असं कुणी मीटिंगमध्ये म्हणालं तर तिथल्या तिथे अडवा. व्हिडिओ किती वेळ बघितला हे मोजलंय, किती शिकले हे नाही, आणि घरबसल्या फुकट कोर्स बघणारे लोक कधीही सोडून जाऊ शकतात, तुमचा वर्ग तसा नसतो. आणि माणसाचं लक्ष आता 8 सेकंदच टिकतं, सोनेरी माशापेक्षाही कमी, ते प्रकरण तर कुणीही आणलं तरी सोडू नका, 2015 च्या एका कंपनीच्या अहवालातून जगभर पसरलं आणि खणत गेलं तर खाली काहीच नाही. लेक्चरमध्ये 10-15 मिनिटांनी लक्ष उडतंच, हेसुद्धा पाठ्यपुस्तकात लिहिण्याइतकं पक्कं नाही, नील ब्रॅडबरी यांनी 2016 साली मूळ संदर्भ तपासत तपासत जाऊन दाखवलंय की पुरावा फार तोकडा आहे, आणि शिक्षकाशिक्षकात फरक मोठा.

पवईकरीण, तुम्हाला एक विचारायचंय. गेझ ट्यूटर प्रयोगशाळेत, एकेक मूल समोर बसवून. वर्गात 60 पोरं असताना हे चालतं का?

---

पवईकरीण

चांगला प्रश्न. चाललं, पण कसं ते बघा. स्टीफन हट आणि डिमेलो यांच्या गटाने हायस्कूलच्या खऱ्या वर्गात जाऊन केलंय, शंभर डॉलरच्या आसपास मिळणारी डोळे टिपणारी यंत्रं लावून, मुलं गुरू ट्यूटर नावाचा जीवशास्त्र शिकवणारा संगणकातला शिक्षक वापरत होती. वर्गात मुलं हलतात, शेजाऱ्याशी बोलतात, खाली वाकतात, केस डोळ्यांवर येतात, त्यातूनही बऱ्यापैकी डेटा मिळाला हे मोठंच काम आहे आणि मला त्याचं मनापासून कौतुक आहे. पण तिथे मुलांना आणि पालकांना माहीत होतं की हा अभ्यास आहे, आणि त्यावर कुणाला मार्क नव्हते. तंत्र तेच असलं तरी वापर बदलला की सगळंच बदलतं, ठाण्याच्या ताईंनी लिहिलंय ते वाचा ना, मुलीने यंत्राला हवा तसा चेहरा करून दिला. मग मोजायचं काय उरलं?

आणि अजून एक राहिलंच, जे मला डिमेलो यांच्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गोंधळ. 2014 साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग छापला, त्यात पडद्यावर दोन पात्रं, एक शिक्षक आणि एक विद्यार्थी, आणि मधूनमधून ते मुद्दाम एकमेकांच्या विरुद्ध मत देतात, मग शिकणाऱ्याला विचारतात, तुला काय वाटतं, कोण बरोबर? मुलं गोंधळली. आणि जी खरोखर गोंधळली ती पुढे जास्त चांगलं शिकली. गोंधळ सुटायला वाट मिळाली पाहिजे ही अट आहे, नाहीतर तोच गोंधळ वैतागात आणि वैताग कंटाळ्यात जातो, हेही त्यांनी आणि ग्रेसर यांनी दाखवलंय. कंटाळा मात्र खरंच घातक. रायन बेकर यांच्याबरोबरच्या 2010 च्या अभ्यासात तर असंच निघालं की मूल वैतागलेलं परवडलं, कंटाळलेलं नाही, कारण कंटाळा एकदा आला की चिकटून बसतो.

आता विचार करा, गोंधळलेल्या मुलाचा चेहरा कसा दिसतो? कपाळाला आठ्या, नजर भिरभिरती, मध्येच कुठेतरी बघणार. त्या पट्ट्यावर तो कुठल्या रंगात येईल?

---

वकीलबाई_नागपूर

कायद्याचं थोडक्यात टाकते, मीटिंगला उपयोगी पडेल.

युरोपात एआय कायद्याने शाळा-कॉलेजात आणि कामाच्या ठिकाणी चेहरा-आवाज यांवरून माणसाच्या भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर बंदी घातलीय, फेब्रुवारी 2025 पासून, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून. लक्ष ही भावना धरायची का यावर वाद होऊ शकतो, पण कंटाळा, रस, वैताग असं काही सॉफ्टवेअर दाखवत असेल तर ते सरळ त्यात येईल.

आपल्याकडे 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्यात 18 वर्षांखालचं प्रत्येक जण मूल, म्हणजे तुमचे अकरावी-बारावीचे जवळजवळ सगळे. मुलांचं ट्रॅकिंग आणि वर्तनावर पाळत नको असं कलम 9 म्हणतं, आणि मुलांबाबतच्या जबाबदाऱ्या मोडल्या तर दंड 200 कोटींपर्यंत जाऊ शकतो. शैक्षणिक संस्थांना शिकवण्याच्या आणि मुलांच्या सुरक्षेच्या कामापुरती सवलत नियमांत आहे, त्यामुळे "हे बेकायदेशीर आहे" असं ठोकून सांगू नका, त्यावर संस्थेचा वकील तुम्हाला लगेच अडवेल. त्यापेक्षा लेखी विचारा. चेहऱ्याचा व्हिडिओ कुठे साठतो, किती दिवस, कंपनी तो स्वतःचं सॉफ्टवेअर सुधारायला वापरते का, आणि पालकाने नाही म्हटलं तर त्या मुलाचं काय होतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी घ्या. सॉफ्टवेअरमध्ये नकाराचा पर्यायच नसेल तर संमती घेतली असं म्हणता येत नाही.

---

मिरजेचा_मास्तर

सगळ्यांचे खरंच खूप आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. पवईकरीण ताई, तुमचा तो गोंधळाचा मुद्दा वाचला आणि दुसऱ्याच दिवशी वर्गात करून बघितला, तो सांगतो.

करंट इलेक्ट्रिसिटीचा माझाच व्हिडिओ होता, पॉवर आणि रेझिस्टन्सवरचा. मध्येच थांबवला आणि फळ्यावर काढलं, 40 वॅटचा बल्ब आणि 100 वॅटचा बल्ब, दोन्ही एकामागोमाग जोडून म्हणजे सिरीजमध्ये, वर 230 व्होल्ट. कुठला जास्त उजळ? सगळा वर्ग एका आवाजात 100. मी काही बोललो नाही, मागच्या बाकावरच्या एका मुलीला म्हटलं तू 40 च्या बाजूने भांड, पटो न पटो. ती उभी राहिली आणि दोन वाक्यं झाल्यावर अडखळली, मग म्हणाली सर थांबा, 40 वॅटवाल्याचा रेझिस्टन्स जास्त असतो ना? आणि करंट तर दोघांत सारखाच. बस, तिथून जे पेटलं ते पेटलं. अर्धे उभे, एकजण फळ्यापाशी येऊन आय स्क्वेअर आर हे पॉवरचं सूत्र लिहितोय, दुसरा म्हणतोय मग घरी 100 चा का उजळ दिसतो, तिसरा त्याला सांगतोय घरी पॅरलल असतं रे. प्रयोगशाळेतून दोन बल्ब आणि होल्डर आणून लावून दाखवलं, 40 चा झकास पेटला आणि 100 चा नुसता लालसर.

आणि तो छताकडे बघणारा पोरगा, या सगळ्या गोंधळात तो छताकडेच बघत होता, आणि 100 वॅटच्या बल्बला प्रत्यक्षात किती वॅट मिळतायत हे त्याने तोंडी काढून सांगितलं, आठाच्या आसपास.

आता मला एवढंच सांगा की हे व्हिडिओतच कसं घालायचं, म्हणजे मी समोर नसताना, पोरगं घरी एकटं बघत असताना.

---

पवईकरीण

सर, वाचून इतका आनंद झाला की काय सांगू!

व्हिडिओत घालायचं तर त्याला भक्कम आधार आहे. हार्वर्डमध्ये कार्ल श्पुनार, नोव्हॉल खान आणि डॅनियल शॅक्टर यांनी 2013 साली साधा प्रयोग केला. आकडेशास्त्राचं 21 मिनिटांचं व्हिडिओ लेक्चर, चार तुकडे. एका गटाला प्रत्येक तुकड्यानंतर छोटी टेस्ट, दुसऱ्याला ती नाही. टेस्टवाल्या गटाचं मन भरकटण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं, नोंदी जास्त घेतल्या, शेवटच्या परीक्षेत मार्क जास्त, आणि त्या परीक्षेची धास्तीसुद्धा कमी वाटली. कॅमेरा नाही, खर्च नाही. आणि नुसता तोच भाग परत दाखवला तर हा फायदा मिळाला नाही, प्रश्न विचारणंच गरजेचं होतं.

आपल्या आयआयटी मुंबईत सहाना मूर्ती आणि श्रीधर अय्यर यांनी ऑनलाइन कोर्ससाठी जे मॉडेल बनवलं त्यात व्हिडिओच्या मध्ये अशा थांबायच्या जागा मुद्दामच ठेवतात, शिक्षक म्हणतो व्हिडिओ थांबव, वहीत हे लिही, मग चालू कर, आणि पुढे लगेच तो त्या उत्तरांवर बोलतो, कुणी असं लिहिलं असेल तर, कुणी तसं लिहिलं असेल तर. हा दुसरा भाग लोक विसरतात. प्रश्न टाकतात आणि पुढे निघून जातात, मग पोरं पण थांबत नाहीत. तुमच्या बल्बच्या व्हिडिओत थांबा म्हटल्यावर पुढचं पहिलंच वाक्य असं असू दे, "100 लिहिलंय का? का लिहिलंय ते बघू." म्हणजे 100 लिहिणाऱ्याला वाटेल की हे आपल्याशीच बोलतायत. आणि त्या मुलीचा आणि वर्गाचा वाद दोन आवाजात रेकॉर्ड करता आला तर ते डिमेलो यांच्या दोन पात्रांसारखंच होईल, मुलांना पटत असेल आणि घरच्यांची हरकत नसेल तर करा, चेहरे दाखवायची गरजच नाही, फळा दिसला की पुरे.

मीटिंगला जाताना कंपनीकडून अजून एक मागा. लक्षाचा स्कोअर आणि त्याच धड्यावरच्या टेस्टचे मार्क, दोन्हींचा संबंध तुमच्यासारख्या मुलांवर, भारतातल्या वर्गात, त्यांनी तपासलाय का? तपासला असेल तर आकडे द्या म्हणावं.

---

हिंजवडी_डेटा

पवईकरीण, हे शेवटचं फार मोलाचं. सर, कुठला व्हिडिओ प्लेअर वापरता ते इथे टाका, बऱ्याच प्लेअरमध्ये ठरावीक सेकंदाला आपोआप थांबून प्रश्न दाखवायची सोय असते, आणि कुठल्या प्रश्नाला किती जणांनी काय उत्तर दिलं ते नाव न लावता बघता येतं. सेटिंग कसं करायचं ते मी स्क्रीनशॉट घेऊन टाकतो.

---

ठाण्याची_आई

सर, तो बल्बचा व्हिडिओ झाला की लिंक द्या, मुलीला दाखवते. मीटिंगचं काय झालं तेही कळवा.